वीज परत येते तेव्हा

पळस्पे फाटा मागे टाकून मुंबई-गोवा महामार्ग शिरढोणच्या पुढे सरकला की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि रस्ता अभयारण्याच्या झाडीतून खिंडीकडे चढतो. या खिंडीच्या अलीकडे-पलीकडे गेल्या काही दशकांत शेतघरं, सेकंड होम, निवृत्तीनंतरचे बंगले उभे राहिले. त्यांतल्या काही बंगल्यांच्या मागे पत्र्याची एक शेड असते आणि तिच्यात मालकाचा लाकूडकामाचा छंद. लाकूड या भागाला नवं नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद सापडते. पण ती चाकं हाताच्या करवतीने, वाकसाने आणि पटाशीने घडत होती. आजच्या शेडमध्ये पहिलं यंत्र येतं ते टेबल सॉ: सपाट टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, बाजूला सरळ कापासाठी सरकणारी गाइड आणि खाली मोटर. दुकानदार ते विकताना पात्याचे दात, मोटरचे वॅट आणि टेबलाचं माप सांगतो. ते कुठल्या पॉइंटला जोडणार, हे सहसा कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला आहे. टेबल सॉ ही मिक्सरसारखी घरी आणून प्लगला लावायची वस्तू नाही. विहिरीवरच्या पंपासारखी ती एक जोडणी आहे, आणि तिच्यावरचा खर्च व विचार भिंतीवरच्या बोर्डापासून सुरू करून पात्याकडे यायला हवा.

आधी आपल्याकडचा खरा टेबल सॉ कसा असतो ते पाहू. कंपनीने बनवलेली यंत्रं अलीकडे मिळू लागली, पण बांधकामावर, फ्लॅटच्या फर्निचरच्या कामावर आणि अनेक शेडमध्ये जे चालतं ते वेगळंच आहे. प्लायच्या फळीला फट पाडायची, हातात धरायचा कटर खालून उलटा स्क्रूने आवळायचा, पात्यावरचं झाकण काढून टाकायचं, ट्रिगर दाबून त्याचं लॉकचं बटण अडकवायचं किंवा चिकटपट्टीने बांधून टाकायचं, आणि चालू-बंद करायला थेट भिंतीवरचा प्लग वापरायचा. बऱ्याचदा हा कटर मुळात फरशी कापण्याचा असतो; त्याला लाकडाचं कार्बाइड दातांचं पातं लावलेलं असतं. गणित साधं आहे. ११० मिलिमीटरचं पातं मिनिटाला १२ हजार फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास ६९ मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतो. कंपनीच्या दहा इंची टेबल सॉचं पातं ३,६५० फेऱ्यांना सेकंदाला साडेअठ्ठेचाळीस मीटर इतकंच धावतं. लहान दिसतं म्हणून कमी धोक्याचं, हा समज इथेच खोटा ठरतो. माणसाला काही जाणवून हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात मोठ्या पात्याची कडसुद्धा साडेनऊ मीटर अंतर कापून जाते. तेव्हा ‘लागलं तर पटकन हात काढू’ या भरवशाला काही अर्थ उरत नाही.

पात्याचा दुसरा धोका हाताला लागण्याइतकाच गंभीर आहे, तो म्हणजे लाकूड मागे उसळणं. टेबल सॉच्या पुढच्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र वर, माणसाच्या दिशेने येतात. कापलेली फट मागे मिटली, किंवा फळी गाइड आणि पातं यांच्यात तिरकी अडकली, की हे मागचे दात तिला उचलून कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकतात. तोल गेलेला हात त्याच क्षणी पात्यावर जातो. कोकणात ही फट मिटण्याची शक्यता जास्त. इथे घरच्या आंब्या-फणसाची फळी कापायला घेतली जाते, ती पुरती वाळलेली नसते, आणि पावसाळ्यात वाळलेलं लाकूडही हवेतला ओलावा पिऊन फुगतं. कापताना आतला ताण सुटतो आणि फट पात्याला चिमटा घेते. यावरचा उपाय शंभर वर्षांचा जुना आहे: पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभी असणारी पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ. ती फट मिटू देत नाही. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधल्या लाकूडकामाच्या यंत्रांच्या तरतुदींत गोल करवतीमागे ही पट्टी, पात्यावर झाकण, लाकूड ढकलायला काठी आणि चालवणाऱ्याच्या हाताशी सहज येईल असा चालू-बंदचा बंदोबस्त सांगितलेला आहे. घराची शेड मात्र कारखान्याच्या कक्षेत कधीच नव्हती. उलट्या बांधलेल्या कटरला यातलं काहीच नसतं. हाताशी येईल असा स्विचसुद्धा नसतो.

इथवरचं सगळं पात्याबद्दल झालं, आणि सुरक्षेवरचं बहुतेक लिखाण इथेच थांबतं. पण पात्याला फिरवते वीज, आणि ती कशी येते यावर पात्याचं वागणं अवलंबून असतं. १,८०० वॅटचा टेबल सॉ २३० व्होल्टला सुमारे आठ अँपिअर घेतो. म्हणजे ६ अँपिअरचा साधा पॉइंट त्याच्यासाठी नाहीच. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. सुरू होताना मोटर क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढते. आता शेड घरापासून चाळीस मीटरवर आहे आणि मालकाने पाऊण चौरस मिलिमीटरची एक्स्टेंशन वायर ओढली आहे असं धरू. जायचा आणि यायचा मिळून ऐंशी मीटर तांब्याचा रोध दोन ओहमच्या थोडा वर भरतो. आठ अँपिअरला त्या वायरीतच १६-१७ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे १३० वॅटची उष्णता वायरीत निर्माण होते. वायर गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडायला वाव नाही आणि इन्सुलेशन मऊ पडतं. सुरू होताना करंट पाचपट झाला तर ढोबळ हिशेबाने ऐंशी व्होल्टची घट येते. तेच अंतर चार चौरस मिलिमीटरच्या वायरीने जोडलं तर चालू असताना घट तीन व्होल्टवर आणि सुरू होताना सोळाच्या आसपास येते. पण पात्याआधी वायर घेणारा गिऱ्हाईक विरळा.

यावर कोणी म्हणेल की व्होल्टेज थोडं कमी मिळालं तर यंत्र जरा हळू चालेल, एवढंच ना? एवढंच नाही. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज २० टक्के उतरलं की जोर ३६ टक्के उतरतो. ब्रशच्या मोटरचा हिशेब वेगळा आहे, पण तिचाही वेग आणि ताकद खाली येतेच. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंतच चढउतार मान्य केला होता. लाइनच्या टोकाला, रोहित्रापासून लांब असलेल्या शेतघरात संध्याकाळी मिळणारा दाब हा आकडा पाळतोच असं नाही. त्यात आपल्या वायरीची घट मिळवा. कापता कापता पातं दमतं, आवाज खाली येतो, आणि माणूस नकळत लाकूड जास्त जोराने रेटतो. पातं लाकडात रुतू लागतं, फळी तिरकी होते, आणि आधी सांगितलेली उसळी इथे घडते. म्हणून वायरीची जाडी हा केवळ बिलाचा किंवा मोटरच्या आयुष्याचा मुद्दा नाही, तो बोटांचा मुद्दा आहे. स्टॅबिलायझर लावू, असा सोपा तोडगा सुचवला जातो. पण घट शेडच्या वायरीत होत असेल तर घरात लावलेला स्टॅबिलायझर तिथे काही करू शकत नाही, आणि सुरुवातीच्या झटक्याला पुरेल एवढ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर वायर बदलण्यापेक्षा महाग पडतो.

आता या लेखाचा कळीचा मुद्दा. कर्नाळ्यासारख्या भागात, डोंगराच्या कुशीत, जून ते सप्टेंबर वीज जाणं ही बातमी नसते. वाऱ्याने फांदी तारांवर पडते, लाइन ट्रिप होते, दहा मिनिटांनी किंवा तीन तासांनी येते. कापताना वीज गेली की माणूस वैतागतो, फळी तशीच अडकवून चहाला जातो, किंवा रुतलेली फळी हाताने सोडवायला लागतो. उलट्या कटरचं ट्रिगर बांधलेलं आहे. भिंतीवरचा प्लग चालूच आहे. वीज जाण्यात तेवढा धोका नव्हता. वीज परत येण्यात आहे. ज्या क्षणी माणसाला यंत्र मेलेलं वाटतं आणि हात सर्वांत बेसावध असतो, नेमक्या त्याच क्षणी ते पूर्ण वेगाने जागं होतं. चांगल्या टेबल सॉला म्हणूनच वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्विच असतो. वीज आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय पातं हलत नाही. यंत्र विकत घेताना ही एक गोष्ट दुकानातच तपासता येते: पातं काढून ठेवायचं, यंत्र चालू करायचं, प्लगचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. मोटर आपोआप सुरू झाली तर त्या यंत्राला हे संरक्षण नाही.

आणि या संरक्षणासाठी परदेशाकडे बघण्याचीही गरज नाही. शेडपासून शंभर पावलांवर, विहिरीच्या भिंतीवर, हिरव्या-लाल बटणांची पेटी टांगलेली असते: पंपाचा स्टार्टर. तिच्या आत एक कॉइल असते. तिला वीज मिळते तोवरच ती संपर्क धरून ठेवते. वीज गेली की संपर्क सुटतो आणि बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. शिवाय मोटर जास्त करंट ओढू लागली तर ओव्हरलोड रिले ती बंद करतो. म्हणजे वीज परत येण्याच्या धोक्यावरचं उत्तर कोकणातल्या शेतकऱ्याच्या भिंतीवर आधीपासून आहे. गंमत अशी की पंपाच्या बाबतीतही लोक हे उत्तर निकामी करतात. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटोस्विच लावतात. मग वीज येताच परिसरातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येऊन ते जळतं. ऑटोस्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे. बांधलेल्या ट्रिगरचा कटर हा शेडमधला ऑटोस्विचच. पंपाच्या ऑटोस्विचने रोहित्र जळतं, इथे माणसाचा हात जातो. ज्याला नवं यंत्र परवडत नाही, त्यानेही शेडच्या सॉकेटच्या आधी, यंत्राच्या करंटला जुळणारा सिंगल फेजचा स्टार्टर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि त्याची पेटी टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीच्या उंचीवर लावावी, म्हणजे दोन्ही हात लाकडावर असताना लाल बटण मांडीनेसुद्धा दाबता येईल.

अर्थिंगची गोष्ट याहून दुर्लक्षित. घराला महावितरणकडून बहुधा दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग घरमालकाचं स्वतःचं, अंगणात पुरलेल्या पाइप किंवा प्लेटचं. पावसाळ्यात ती जमीन ओली असते, एप्रिल-मे मध्ये मुरूम कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा रोध चढतो. समजा हा संपूर्ण मार्ग २५ ओहमचा आहे आणि लोखंडी टेबलाच्या यंत्रात फेजची तार बॉडीला लागली. करंट वाहील २३० भागिले २५, म्हणजे नऊ अँपिअरच्या जरा वर. १६ अँपिअरची एमसीबी हे करंट तासन्‌तास सहन करेल, पडणार नाही. तोवर टेबल, गाइड आणि त्यावर ठेवलेली ओली फळी यांत वीज खेळत राहील. ‘एमसीबी बसवली आहे, आता काळजी नाही’ हा आपल्याकडचा सर्वांत महाग गैरसमज आहे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, जी ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडते. शेडच्या सर्किटला ती स्वतंत्र असावी, म्हणजे ती पडली तर घरातला फ्रिज बंद पडणार नाही आणि ती कायमची बायपास करण्याचा मोह होणार नाही. तिच्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का पाहावं. इथे जाणकार हरकत घेतील की अनेक छोटे टेबल सॉ दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांना अर्थची पिनच नसते. हरकत खरी आहे, आणि त्या यंत्रापुरती अर्थिंगची गरज तिथे उरत नाही. पण आरसीसीबीची उरते: पात्याखाली आलेली केबल, ओल्या फरशीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड आणि भुशाने भरलेला स्विच यांना दुहेरी इन्सुलेशन नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं दगावल्याची नोंद असते. आपल्या देशात विजेला पात्याच्या आधीचा नंबर देण्याला एवढं कारण पुरे.

परदेशातून परतलेल्या मराठी कुटुंबांच्या शेडमध्ये आणखी एक प्रकार दिसू शकतो: कंटेनरमधून आलेला अमेरिकी टेबल सॉ, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज अर्धं करू शकतो, वारंवारिता बदलू शकत नाही. ब्रशच्या मोटरला त्याने फारसा फरक पडत नाही. इंडक्शन मोटर मात्र ५० हर्ट्झवर सहा भागांतल्या पाच भाग वेगानेच फिरते, ३,४५० फेऱ्यांची २,८७५ वर येते, आणि १२० व्होल्ट तसेच दिले तर तिचं लोखंड संपृक्त होऊन ती तापते. अशी मोटर ट्रान्सफॉर्मरवर दामटण्यापेक्षा बदलून इथली बसवणं शहाणपणाचं. मोठं, तीन एचपीचं यंत्र असेल तर थ्री फेजचा मोह होतो आणि शेजारीच शेतीपंपाची जोडणी असते. ती या कामाला वापरणं म्हणजे विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर. त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते आणि त्यात रात्रीच्या पाळ्या आल्या. अशा पुरवठ्यावर पातं फिरवणं बेकायदा तर आहेच, वेडेपणाचंही आहे.

आता सर्वांत वजनदार हरकत. सुतार म्हणतात, आम्ही वीस-वीस वर्षं उलट्या कटरवर काम केलं, दहाही बोटं शाबूत आहेत. या म्हणण्यातला अनुभव खरा आहे, निष्कर्ष खरा नाही. ज्यांची बोटं गेली ते कामावरून आणि म्हणून या चर्चेतूनही बाहेर गेले. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग अशा जखमा मोजतो. त्याच्या अंदाजाने २०१५ या एका वर्षात टेबल सॉच्या ३३ हजारांहून अधिक जखमा रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात आल्या आणि त्यांतल्या बहुतेक पात्याला हात लागून झालेल्या होत्या. त्याच आयोगाचं दुसरं निरीक्षण माझ्या युक्तिवादाला अडचणीचं आहे: गार्ड सुधारले, रायव्हिंग नाइफ मानकात आवश्यक ठरली, तरी आकडे लक्षणीय उतरले नाहीत. याचा अर्थ गार्ड निरुपयोगी असा नाही. काढता येणारं संरक्षण माणूस काढून ठेवतो, एवढाच अर्थ. पात्याला बोट लागताच पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवणारं सॉस्टॉपचं तंत्र, जे स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलं, ते याच अडचणीवरचं उत्तर आहे. ते उत्तम आहे, पण आपल्याकडच्या छंदी माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, आणि धक्क्याचं किंवा तापलेल्या वायरीचं उत्तर त्यात नाही. मी सुचवतो तो बोर्ड पात्याला बोट लागू देणार नाही, असाही दावा नाही. ते काम गार्ड, रायव्हिंग नाइफ आणि ढकलायच्या काठीचं. पण भिंतीतली जाड वायर, आरसीसीबी आणि स्टार्टर यांचा एक गुण आहे: ती कामाच्या आड येत नाहीत, म्हणून सहसा कोणी काढत नाही. रायव्हिंग नाइफचंही तसंच; आरपार कापात ती कुठेच अडत नाही. संरक्षण निवडताना कंटाळलेल्या संध्याकाळीही कोणतं टिकेल, ही कसोटी लावावी.

एक हरकत मी पुरती मान्य करतो. वर्षातून दोन कपाटं करणाऱ्याला टेबल सॉ लागतोच का? पनवेलमधल्या प्लायवुडच्या मोठ्या दुकानांत यादी दिली तर मोठ्या पॅनेल सॉवर मापात कापून मिळू शकतं. ओंडके चिरायचं काम तर परवानाधारक गिरणीचंच. अशा माणसाने यंत्र घेऊ नये. लाकडाचा भुसा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच निश्चित कर्करोगजनकांत गणला, हेही त्याने लक्षात घ्यावं. ज्याला घ्यायचंच आहे त्याने खर्चाचा क्रम उलटा करावा: आधी मेन बोर्डापासून शेडपर्यंत स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर, मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारी सी वर्गाची एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग, मग हाताशी येणारा, वीज गेली की सुटणारा स्विच, मग वीज गेल्यावरही पातं काही सेकंद फिरत असतं म्हणून बॅटरीवर आपोआप लागणारा एक दिवा, मग रायव्हिंग नाइफ आणि गार्ड असलेलं यंत्र, आणि उरलेल्या पैशांत पातं. बजेट अपुरं पडलं तर कात्री शेवटून लावावी: कमी वॅटचं, लहान यंत्र घ्यावं, पण बोर्ड पुरा करावा. दुकानदारांनाही हे अवघड नाही. पंप विकताना स्टार्टर विचारला जातो. कटर विकताना तोच प्रश्न विचारला जाऊ लागला, तर घरच्या शेडपर्यंत न पोहोचलेल्या कारखाना नियमांचं निम्मं काम काउंटरवरच होईल.